चारशे शिक्षकांसमोरचा पाठ

बुरुलकान एजे, म्हणजे पोरांच्या बुरुलकानताई, वर्षानुवर्षं गणित शिकवत होत्या आणि तितकीच वर्षं साहेबांना घाबरत होत्या. साहेब बदलले, राज्यं बदलली, भीती तेवढी आहे तिथंच राहिली. किर्गिझस्तानात नारीन शहराच्या वर, डोंगरातल्या त्यांच्या शाळेकडे तपासणीची गाडी वळली की त्या पुसलेला फळा पुन्हा पुसायच्या. पण वर्ग कधी कच्चा ठरला नाही. पाहुण्यांसमोर प्रश्न विचारला की झाडून सगळी पोरं हात वर करत. उत्तर येतं त्यानं उजवा, येत नाही त्यानं डावा. एजे उजव्यालाच उठवणार, हा करार. ही काही त्यांची एकट्याची अक्कल नव्हे. त्यांना शिकवणाऱ्या बाईंनीही हेच केलं होतं, आणि अख्ख्या जिल्ह्यात हे ठाऊक नसलेला मास्तर शोधून सापडला नसता.

यंदा राजधानीत, बिश्केकला, शिक्षणातल्या नव्या यंत्रांची मोठी परिषद भरली. तिथं एक कॅमेरा दाखवायचा होता. तो फळ्यावर बसवायचा. वर आलेले हात तो मोजतो आणि वर्गाला किती कळलं ते शेकड्यात सांगतो. त्यासाठी एजेंचा आठवीचा वर्ग निवडला गेला. पोरं गावात कॅमेऱ्यासमोर, एजे बिश्केकच्या व्यासपीठावर. हेडमास्तर तेमिरकान यांनी बिश्केकच्या वाटेवर गाडीतच सांगून टाकलं, की शिक्षण खात्याच्या बाई बघायला येणार आहेत. पाठ रंगला तर नववीचा वर्ग गावात राहील, नाहीतर पुढल्या वर्षी ही सगळी पोरं जिल्ह्याच्या वसतिगृहात.

सभागृहात चारशे शिक्षक होते. पिशव्या फुकट, पेनं फुकट, म्हणून दाराशी ही झुंबड; समोशासारखे सामसे तर पहिल्या भाषणाआधीच फस्त झालेले. एजेंनी काहीच घेतलं नाही.

भिंतीएवढ्या पडद्यावर वर्ग उजळला. एजेंनी प्रश्न विचारला. सगळे हात वर गेले, कोपऱ्यात शंभराचा आकडा झळकला आणि टाळ्या पडल्या. एजेंनी जरा श्वास सोडला आणि उजवा हात बघून बेगायला उठवलं. बेगाय उभी राहिली आणि गप्प राहिली. पोर बुजली असेल, असं म्हणत त्यांनी दुसरा उजवा हात बघितला आणि उलारला उठवलं. उलारही गप्प. त्याचा हात अजून वरच होता, आणि तो कॅमेऱ्याकडे टक लावून बघत होता.

तेव्हा त्यांचं खिडक्यांकडे लक्ष गेलं. खिडक्या भलत्याच बाजूला होत्या. पडद्यावरचं चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. ज्यांना कधी उठवायचं नाही, त्यांनाच त्या उठवत होत्या.

अजून वेळ गेली नव्हती. आता डावा दिसणारा हात निवडायचा, धडाधड उत्तरं येतील, नववी वाचेल. एजेंनी तोंड उघडलं, तेवढ्यात उलारचा आवाज सभागृहभर घुमला.

"एजे, मी डावा हात वर केला होता."

कंपनीचा तरुण गृहस्थ हसतमुखानं पुढं आला आणि डावा म्हणजे काय, असं त्यानं विचारलं. चारशे शिक्षक आपापल्या फुकटच्या पिशव्यांमध्ये बघू लागले. खात्याच्या बाईंनी मात्र चष्मा काढला. त्याही कधीतरी वर्गावर होत्या.

पडद्यावर उलारचे कान लाल झाले होते. त्याच्या मागं बसलेल्या दोघांनी दुसरा हात तोंडावर धरून हसू दाबलं होतं. एजे आयुष्यात इतक्या कधी घाबरल्या नव्हत्या, आणि तरी त्या बोलल्या.

"पोरांनो, ज्यांना येत नाही त्यांनी हात खाली करा. मी रागावणार नाही."

आधी कुणी हललं नाही. मग एक हात खाली आला, मग सगळी मधली रांग. हसणाऱ्या दोघांचेही आले. शंभराचा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घसरत वीसच्याही खाली गेला. उलारनं वळून मागं बघितलं आणि तो खाली बसला.

खात्याच्या बाई बाहेर भेटल्या. आवाज चढवला नाही. "तुम्ही खरं बोललात, बरं केलंत," त्या म्हणाल्या, "म्हणूनच म्हणते, पोरांना वसतिगृहात जाऊ द्या. जिल्ह्याला चांगले शिक्षक आहेत." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

तेमिरकान यांनी फोन पुढं केला. नववीची गोष्ट गावात पोचली होती; पोरं घरी गेली नव्हती, वर्गातच बसून होती. फोनवर उलार होता.

"एजे, नववी राहिली ना?"

एजेंना खोटं बोलायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "नाही रे राहिली. पण तुझ्यामुळं नाही."

"मग कुणामुळं?"

"माझ्यामुळं. मी शिकवलंच नाही तुम्हाला, नुसते हात वर करायला लावले."

तिकडून सगळ्या वर्गाचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि फोन ठेवायचं धाडस एजेंना होईना.