विद्यानगरचा पोर्शन

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी हैदराबादेत भेटेल त्याला सांगायचो. घर शोधायला निघालो तेव्हा डिग्रीची झेरॉक्स फाईलमध्ये घेऊन हिंडत होतो. मला खरंच वाटायचं, शिकलेला भाडेकरू म्हटल्यावर मालक दार सताड उघडेल. मालक दार अर्धंच उघडायचे आणि एकच विचारायचे, "कितने लोगां?"

मी, बायको, मुलगी आणि आई. चार. ऑफिसातला एक सोबती म्हणाला, आईला मोजू नकोस, पाहुणी म्हणून आण आणि ठेवून घे. मी म्हणालो, आईला पाहुणी म्हणायचं तर मग घर कशाला पाहिजे? बोलायला बरं वाटलं. पण चार म्हटलं की मालक आधी वर टाकीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. नळाला पाणी एक दिवसाआड. "फॅमिली बड़ी है, सार," म्हणत अर्धं दार पुन्हा लागायचं.

उदारीकरणाची ती पहिली वर्षं. शहरात नव्या कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या. माझी नोकरीही तसल्याच एका कंपनीत, हे कबूल केलं पाहिजे. विद्यानगरात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि त्यांच्यासाठी गावोगावची पोरं येऊन पडली होती. एका खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटचं भाडं वेगळं. कुटुंबाला पोर्शन देण्यापेक्षा, म्हणजे घराचा एक भाग तोडून देण्यापेक्षा, मालकांना हे परवडायचं. टू-लेटची पाटी सकाळी लागली की दुपारी उतरलेली असायची.

मी स्वतः नारायणगुड्यात अशाच एका कॉटवर दीड वर्ष काढलं. बाकीच्या तिघी गावी, उदगीरच्या पलीकडं. मुलगी सहा वर्षांची झाली. जामबागेकडच्या एका जुन्या शाळेत अजून मराठी शिकवत होते. तिथल्या मोठ्या बाईंनी एक जागा धरून ठेवली, पण शाळा उघडायच्या आत फॉर्मवर इथला पत्ता लिहून द्या म्हणाल्या. पत्ता मिळाला तर आम्ही चौघं एका छपराखाली. नाही मिळाला तर मुलगी गावच्या शाळेत, आणि मी बाप म्हणून दिवाळी-दसऱ्याला.

शाळा उघडायला नऊ दिवस राहिले असताना विद्यानगरात पोर्शन मिळाला. दोन खोल्या, मोरी, मागं पेरूचं झाड. मालकीण साठीची तेलुगू बाई, विधवा. सगळे तिला अम्मा म्हणायचे. मुलगा कॉम्प्युटर शिकलेला, त्याचं अमेरिकेचं चाललेलं. तिला कॉटवाली पोरं नको होती, घरात म्हातारं माणूस हवं होतं. आई येणार म्हटल्यावर ती चक्क खूश झाली. डिग्री दाखवली तर म्हणाली, ते ठेव बाबू, तुझी आई कशी आहे ते सांग.

तिची अट एकच. मुहूर्तावर यायचं, सामान आत नेण्याआधी नवीन भांड्यात दूध तापवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. तिच्या भाषेत 'पालु पोंगिंचालि'; उतू गेलं की घराची भरभराट, नाही तर अपशकुन. मी मान हलवली. मनात म्हटलं, चालू दे म्हातारीचं. गावी निरोप धाडला त्यात मुहूर्त लिहिला, नवीन पातेलं आणा असं लिहिलं. उतू जाऊ द्यायचं, हे लिहिलं नाही. विसरलो असं म्हणायची सोय आहे, पण विसरलो नव्हतो. असल्या गोष्टी सोडा म्हणून मी गावात चार माणसांत बोललेला माणूस. आईला आता हे कसं सांगू, असं वाटलं. भरवसा होता की दूध काय, कधीतरी आपोआप उतू जाईलच.

रात्रीच्या बसनं तिघी आल्या. सकाळी सातला आम्ही पोर्शनमध्ये. सामानाचा टेम्पो फाटकाशी उभा. बायकोनं वातीचा स्टोव्ह पेटवला, आईनं पातेलं ठेवलं, अम्मानं त्याला हळदकुंकू लावलं आणि हात जोडून उभी राहिली. मी दारात, मालाचं चलान भरावं तसे, नळाला पाणी यायचे दिवस कागदावर लिहीत होतो.

आमच्याकडं रथसप्तमीला अंगणात दूध मुद्दाम उतू घालवतात. तो एक दिवस सोडला तर दूध सांडणं म्हणजे घरातल्या बाईची नामुष्की. आई तर दोन म्हशींच्या घरात जन्म काढलेली. चुलीकडं पाठ करून बसली तरी तिला दुधाचा आवाज कळायचा. साय फुगली, काठाशी आली, आणि आईनं पदरानं पातेलं धरून अलगद खाली उतरवलं. एक थेंब सांडला नाही. मग तिनं अम्माकडं बघितलं, थोडी हसली. परक्या घरात आपलं काम नेटकं झालं, असं ते हसू होतं.

अम्माचे हात जोडलेलेच राहिले.

मी पुढं झालो. आईला ठाऊक नव्हतं, चूक माझी आहे, पुन्हा ठेवतो, म्हणालो. अम्मा माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर भांडलो असतो.

"उतर गया सो दूध फिर नै चढ़ाते, बाबू," ती म्हणाली. "सोमवार को मेरे बच्चे का वीसा है."

मी समजावलं. शिकलेल्या माणसाची सगळी वाक्यं वापरली. ती ऐकत राहिली आणि शेवटी आतून माझा ॲडव्हान्स आणून जसाच्या तसा हातात ठेवला. त्याच दुधाची कॉफी केली, आम्हाला पाजली, मुलीला पेरू दिला. आईनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पाण्याची अडचण आहे म्हणते.

पुढचे पाच दिवस मी चार म्हणायचं सोडून तीन म्हणू लागलो. आईला पाहुणी केली. तरी दार अर्धंच उघडलं. तिघी तोवर ऑफिसातल्या त्या सोबत्याच्या घरी, त्याच्या बायकोचं तोंड रोज थोडं आणखी आंबट होत गेलेलं. शाळा उघडली त्या दिवशी मोठ्या बाईंनी जागा दुसऱ्याला दिली. त्यांचंही बरोबरच होतं.

संध्याकाळी मी तिघींना बसमध्ये बसवलं. मुलगी खिडकीशी, बायको माझ्याकडं न बघता पिशव्या लावत. नवं पातेलं आईच्या मांडीवर. ती बराच वेळ त्याच्या काठावरचं सुकलेलं कुंकू नखानं काढत होती.

"त्या बाईला दूध सांडायला पाहिजे होतं ना रे?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग मला सांगायचं होतंस. सांडलं असतं."

बस सुटली. मी नारायणगुड्याला चालत आलो. फाईलमध्ये डिग्रीच्या झेरॉक्सखाली शाळेचा फॉर्म होता, सगळा भरलेला. पत्त्याची ओळ तेवढी कोरी. मुलगी चौथीपर्यंत गावीच शिकली.