वह्यांवरचं पाणी

शिपायानं तांब्या कलता केला आणि माझ्या नुकत्याच तपासून झालेल्या वह्यांवर पाणी शिंपडलं. वह्या मी ओसरीवर, जमिनीवर ठेवलेल्या. मुलं रांगेत उभी. पाणी पडलं की वही शुद्ध. मग ज्यानं त्यानं आपली उचलायची. मी चार हात लांब उभा राहून बघायचो. लाल शाई फुटायची, पसरायची. माझ्या दुरुस्त्या वाहून जायच्या.

रोज असं. मंगरूळपीरच्या इंग्रजी शाळेत, गोऱ्या साहेबाच्या राज्यात. मी महाराचा, मॅट्रिक झालेला. इंग्रजी शिकवायला दुसरा कोणी मिळेना, म्हणून मला ठेवलं. माझी इंग्रजी हवी होती, हात नको होता. मुलं त्याच चुका पुन्हा करायची. करणारच. दुरुस्ती दिसली तर ना! मी बोलायचो नाही. भ्यायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग इन्स्पेक्शनची वर्दी आली. हेडमास्तरांनी मला अंगणात उभं केलं. स्वतः ओसरीवर.

“साहेब वह्यांबद्दल विचारतील. माझी चूक, एवढंच म्हणायचं. समजलं?”

घरी बापाला सांगितलं. मयतीचे निरोप घेऊन उन्हातान्हात गावोगाव पळण्यात त्याचा जन्म गेलेला. तो घाबरलाच.

“बापू, तोंड उघडू नको. तुही नोकरी गेली त मले पुन्हा मयतीचे सांगावे घेऊन पयाव लागन.”

मी मान डोलावली.

तपासणीचा गोरा साहेब आला. वर्गात खुर्चीवर बसला. मी नेहमीसारखा दाराच्या चौकटीबाहेर. त्यानं एक वही उघडली, दुसरी, तिसरी. सगळीकडे लाल डाग. कोण तपासतं, म्हणून विचारलं.

“हा. निष्काळजी माणूस आहे. या लोकांना कितीही शिकवा, काही उपयोग नाही.”

हेडमास्तर हे इंग्रजीत बोलले. मला कळणार नाही असं वाटलं की काय, देव जाणे. त्यांच्या शाळेत ती भाषा मीच शिकवत होतो.

माझी चूक. दोनच शब्द म्हणायचे होते. बापाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. पण ते दोन शब्द म्हटले असते तर पाणी खरं आणि मी खोटा ठरलो असतो.

मी इंग्रजीत म्हणालो, “साहेब, मी वह्या तपासतो. मी शिवलो म्हणून त्यांच्यावर पाणी टाकतात. चूक माझी नाही.”

साहेबानं हेडमास्तरांकडं पाहिलं. मग घड्याळाकडं. वही मिटली आणि पुढच्या वर्गाकडं गेला. राज्य त्याचं, पण ही भानगड त्याला नको होती.

“उद्यापासून येऊ नको,” हेडमास्तर गुरकावले.

“लेखी द्या. कारणासकट.”

कारण कोण लिहिणार? हेडमास्तरांनी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. भीती घेऊनच गेलो. चौकट ओलांडून वर्गात उभा राहिलो. शिपाई तांब्या घेऊन दारात. मी वह्या खाली ठेवल्याच नाहीत. पहिली वही मुलापुढं धरली.

“मास्तर, घरी मले मारतीन.”

“मलेबी मारतीन. घे हातात.”

त्यानं हात मागं घेतला. मी घेतला नाही. माझा हात पुढंच होता. ज्याला इंग्रजी हवी त्यानं ती या हातातून घ्यावी. नोकरी जाऊ दे, मार पडू दे. वही मी पुन्हा जमिनीवर ठेवणार नाही.