बाटली विलायती, हात इथला

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनहून अप्पर हट गावाला जाणाऱ्या गाडीत मी खिडकीला नाक लावून बसले होते. साठी उलटली म्हणून काय झालं! स्टेशनवर भाची सुजाता उभी होती. नागपूरहून शिकायला आलेली ही पोर आता इथे उत्खननाचं काम करते.

"मावशी, घरी नंतर. आधी साइटवर जाऊ, उद्या ओपन डे आहे, लोक बघायला येतील."

नदीकाठी एका गोऱ्या वसाहतकाराच्या घराचा पाया उकरला होता. उतरताच माझी एक जॅन्डल (चप्पल) चिखलात रुतली. सुजाताचा साहेब टॉम याने ती उपसून दिली, वर खिम्याचं गरम पॅटिस खाऊ घातलं. माणूस भला, पण हट्टी.

प्रदर्शनाच्या पेटीत हिरव्या काचेचा तुकडा होता. शेजारी चिठ्ठी: 'वसाहतकाराची फुटकी बाटली.' सुजाताने मला त्याची कड दाखवली. बारीक, एकसारखे टवके. इथल्या मूळच्या कोणा माओरी हाताने तिला धार लावली होती, हराकेकेची (लांब पातीचं झाड) पानं खरवडून धागा काढायला. टॉमला ते पटेना. काच युरोपातली, म्हणजे वस्तू युरोपीय! उद्या शेजारच्या अरोहाबाई नातीला घेऊन येणार होत्या. त्यांचे माओरी पूर्वज याच काठी राहिले, आणि पेटीत त्यांचं काहीच नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"टॉम, माझ्या आईचं शिलाई मशीन विलायती होतं. मग तिने शिवलेलं माझं झबलं विलायती का?"

तो हसला. मग तुकडा उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिला. शेवटी नवी चिठ्ठी लिहिली: 'बाटली युरोपातली. हत्यार इथे घडवलेलं. कारागीर अज्ञात.'

सकाळी अरोहाबाईंनी "किया ओरा" म्हणून मला जवळ घेतलं आणि चिठ्ठी नातीला वाचून दाखवली. शेवटच्या शब्दावर त्या थांबल्या.

"अज्ञात का? नाव माहीत नाही, एवढंच."

टॉमने पेन पुढे केलं. 'अज्ञात' खोडून त्यांनी लिहिलं, 'आमची तुपुना' (आजी, पूर्वज). मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

नागपूरला परतले. आमच्याकडच्या लेण्यांचाही म्हणे कोणा साहेबाने 'शोध' लावला. तिथे रोज गुरं चारणारे मग काय डोळे मिटून फिरत होते? हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतानाच सुजाताचा फोन आला.

"मावशी, टॉमने काचेच्या तुकड्यांची सगळी खोकी पुन्हा उघडलीत, धार लावलेल्या कडा शोधायला. आज्या हीप्स (ढिगाने) निघतायत!"