ढाब्यावरचा एक्स-रे

गोठ्यात पाय घसरून आईचा हात मोडला आणि मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून चौसाळ्याला आले. तिला प्लास्टर घातलं होतं, तरी ती एका हातानं शेळ्यांना पाला टाकायचीच.

माझं काम तिला समजावणं अवघड. डेटासेंटरमधल्या सर्व्हरना काही खास चिप जोडलेल्या असतात. त्यांच्या आतली जोडणी आपल्या कोडप्रमाणे हवी तेव्हा बदलता येते, आणि नेहमीच्या प्रोसेसरला जड जाणारं काम त्या चटकन उरकतात. त्या क्लाउडवरून भाड्यानं मिळतात. दवाखान्यांतले एक्स-रे, स्कॅन झपाट्यानं लहान करून साठवायची जोडणी आम्ही बनवत होतो. ती तयार व्हायलाच कित्येक तास लागत.

एके दिवशी दुपारी ग्राहकाला ती दाखवायची होती आणि सकाळीच लाईट गेली.

"आता गं?" आईनं विचारलं.

"काम चालू आहे. ते इथं होत नाही, लांबच्या मशीनवर होतं."

"मंग तोंड काहून पाडलंस?"

कारण मोबाईलला रेंजही उरली नव्हती. मी हायवेवरच्या मांजरसुंब्याला, तिथल्या ढाब्यावर जायला निघाले, तर आई चप्पल घालून दारात उभी. "ढाब्यावर एकली बसणार व्हय?" जीपवाल्यानं तिच्या हाताकडे बघून पुढची सीट दिली.

ढाब्यावर रेंज चांगली होती. आईनं मालकाला सांगितलं, "भाऊ, तेवढा टीव्ही बंद करा. पोरीची परीक्षा हाय." त्यानं खरंच बंद केला.

जोडणी तयार झाली होती. कॉल सुरू झाला, मी चाचणीचं चित्र पाठवलं आणि पडद्यावर नुसते आडवे पट्टे आले. मग लक्षात आलं, गडबडीत नवी जोडणी चिपवर चढवलीच नव्हती. आत जुनीच होती. माफी मागून नवी चढवली. काही क्षणांत चित्र लख्ख उमटलं.

चाचणीसाठी मी आईचाच एक्स-रे वापरला होता, तिला विचारूनच. पण ती ते विसरली होती. माझ्या खांद्यावरून वाकून ती ओरडली, "आगं, ह्यो तर माजाच हात हाय!"

माईक चालू होता. पलीकडे हशा पिकला. ग्राहकाकडच्या बाई मराठीच निघाल्या. त्यांनी विचारलं, "आई, आता दुखतंय का?"

"न्हाई बाई, लई कमी हाय," आई म्हणाली, आणि गोठा कसा निसरडा झाला होता ते तिनं सगळं सांगितलं. कुणीच तिला थांबवलं नाही. आमचं काम त्यांना पसंत पडलं.

परतताना जीपमधल्या बाईला आई सांगत होती, "माजं हाड समद्यांनी बघितलं, पार परदेशात." कॉलवर परदेशातलं कुणीच नव्हतं. वळणावर मी तिचा प्लास्टरचा हात तेवढा धरून बसले.