चांद्याच्या दप्तरातला आमचा कुर्सीनामा

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, आमच्या गावचा तलाव सरकारजमा झाला, आणि माझ्या सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा कागदाची गरज पडली. तोवर त्यांचं सगळं तोंडीच चालायचं. चामोर्शीकडच्या आमच्या गावात रोवणीच्या वेळी तलावाचा तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, आमच्या घरचा माणूस उघडायचा आणि पहिलं पाणी आमच्या धानाच्या बांधीत जायचं. इथलं जंगल तोडून गाव बसवलं आमच्या मूळपुरुषानं आणि तलावाची पाळही त्यानंच घातली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. आता सरकारी साहेब येऊन तलावावर कुणाचा काय हक्क ते नव्यानं लिहून घेणार होते. जुना कागद दाखवला नाही तर पहिलं पाणी विसरा, असं पटवाऱ्यानं सांगून ठेवलं होतं.

"हातच्या कांकनाले आरसा काऊन पायजे?" मामाजी म्हणाले. सासऱ्यांना आम्ही मामाजीच म्हणायचो. "पाळ तं थे उभी हाये." पण पाळ काही साहेबांशी बोलणार नव्हती, हे त्यांनाही कळत होतं. रात्रीची झोप उडाली, भाकरीवरून मन उडालं आणि एका सकाळी मला म्हणाले, "चाल बाई, चांद्याले जाऊ."

मलाच का, तर जुने कागद मोडीत होते आणि घरात मोडी फक्त मला यायची. मी वरोऱ्याच्या मास्तराची मुलगी. वडिलांनी हौसेनं शिकवलं होतं. नवरा अहेरीला लाकडाच्या डेपोत कामाला, त्याला रजा नव्हती आणि मोडीही नव्हती. लिहिणारी-वाचणारी सून म्हणजे तेव्हा गावात दोन तोंडांच्या वासरासारखी बघायची चीज होती. आता त्या वासराचा उपयोग निघाला म्हणून सासूबाई गालातल्या गालात हसत होत्या. त्यांनी भाकऱ्या आणि जवसाची चटणी बांधून दिली. वैनगंगा डोंग्यातून ओलांडून आम्ही मूलला आलो आणि तिथून छोट्या गाडीनं चांद्याला पोचलो.

दप्तरखान्यातले बाबू माणूस वाईट नव्हते, फक्त जागचे हलायला राजी नव्हते. मोडी वाचणारे कारकून रजेवर आहेत, म्हणाले. तुमच्याकडे वाचणारं माणूस असेल तर बस्ता काढून देतो. त्यानं वाचावं, मी लिहून घेतो आणि नक्कल देतो. मग लाल फडक्यातला बस्ता आला. आमचं गाव सापडायला बराच वेळ लागला. शेवटी सापडलं. शाई तांबूस झाली होती, पण अक्षर इतकं स्पष्ट की कालच कुणी लिहून उठलंय. कुर्सीनामा, म्हणजे घराण्याची वंशावळ, वर एक नाव आणि खाली फांद्या. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

आमच्याकडे सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, सासूचं नाही आणि त्यांच्या मागच्या कुणाचंही नाही. मामाजींच्या वडिलांचं नाव एका वारावरून होतं, तर आमच्या घरातल्या बायका त्या वाराला 'बाजाराचा दिवस' म्हणत. बायकांचं स्वतःचं नाव तर कुणाला ठाऊकच नसे. मी वरोरेवाली, सासूबाई अहेरीवाली, संपलं. नावं घ्यायची नाहीत ही सवय माझ्या हाडात इतकी मुरली आहे की आज लिहितानाही हात आखडतो. कागद वाचायचा म्हणजे नावं घ्यावी लागणार, हे तेव्हा मला घरी, डोंग्यात, मूलमध्ये, कुठेच सुचलं नाही. मामाजींनाही नाही. एवढा प्रवास करून आम्ही दोघं उंटावरचे शहाणे त्या टेबलापुढे अडून उभे होतो.

शेवटी तोड मामाजींनीच काढली. "मी सांगतो. तू बोट ठेव. बरोबर असन तं मान हालव." त्यांनी वडिलांचं नाव घेतलं. मी मान हलवली, बाबूंनी लिहिलं. आजोबांचं घेतलं. मी मान हलवली. पणजोबांचं घेतलं, तेही कागदावर तस्संच होतं. ज्या माणसाला अक्षर म्हणून ओळखता येत नव्हतं त्याच्या तोंडून येणारं एकेक नाव माझ्या बोटाखाली आधीपासून येऊन बसलेलं होतं. मेलेली माणसं एकामागून एक उठून त्या खोलीत येऊन उभी राहताहेत असं वाटलं, आणि मी डोक्यावरचा पदर नीट केला.

मग मामाजींनी छाती काढून मूळपुरुषाचं नाव घेतलं. मी मान हलवली नाही.

त्यांनी पुन्हा घेतलं, जरा जोरात. मूळपुरुष होता, पण एक ओळ वर. मध्ये एका बाईचं नाव होतं, त्याच्या विधवेचं, आणि बाजूला बारीक अक्षरात शेरा होता. मी नाव गाळून शेरा तेवढा वाचला. नवरा जंगल तोडायला घेतल्यावर तापानं वारला. मूल अंगावर पिणारं. सोबत आलेली माणसं परत गेली, बाई राहिली. जमीन तिनं काढली आणि तलावाची पाळ तिनं बांधून घेतली. स्वतः माती वाहिली.

मामाजी बाकावर बसले. जन्मभर दर रोवणीला तुडुमावर उभं राहून त्यांनी एकाच माणसाचं नाव घेतलं होतं, आणि पाळ त्याची नव्हतीच. मला वाटलं, आता चिडतील, कागद खोटा म्हणतील. ते नुसतं म्हणाले, "वाघाच्या रानात, एकली?" आणि पुन्हा, "लेकरू घेऊन?" मग विचारलं, "नाव काय बाईचं?"

"मले घेता येत नाई, मामाजी."

बाबू वैतागले. "लिहून द्या ना मग, झालं." मी टाक उचलला. मामाजींनी माझ्या हातावर हात ठेवला. सासऱ्यानं सुनेला असा हात लावायची रीत नाही. "कागदावर तं हायेच थे," ते म्हणाले. "मले आयकाचं हाये. आमी कोनी घेतलं नाई, म्हनून तं बुडलं. बोल बाई."

मी बोलले. साधंच नाव होतं, आमच्या भागात गल्लोगल्ली असेल असं. मामाजींनी डोक्याचा शेला काढून मांडीवर ठेवला आणि ते नाव स्वतःशी म्हणून पाहिलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

नक्कल मिळाली. पुढं साहेब गावात आले, शाळेच्या ओसरीवर बसले, सगळा गाव जमला. नक्कल पाहून त्यांनी पहिल्या पाण्याचा हक्क आमच्या घराकडे लिहिला आणि आताच्या पिढ्या विचारायला सुरुवात केली. मामाजी म्हणाले, "बायांचीई नावं लिवा."

"कुर्सीनाम्यात सुना नसतात."

"आमच्यात हाये," मामाजींनी नकलेवर बोट ठेवलं. साहेब हसले. "बरं. बायकोचं नाव सांगा."

मामाजींनी तोंड उघडलं आणि अडकले. नवराही बायकोचं नाव घेत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर सून, मी जमिनीकडे पाहिलं. साहेब टाक धरून वाट बघत होते. बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या.

मागं खांबाला टेकून बसलेल्या सासूबाई उठल्या. पुढं येऊन त्यांनी नाव सांगितलं, पण ते अर्धंच बाहेर आलं. साहेबांनी विचारलं, "काय?" हसणं थांबलं. सासूबाईंनी घसा साफ केला आणि आपलं नाव पुन्हा सांगितलं, पूर्ण. त्यांच्या घरात नांदून मला कितीतरी वर्षं झाली होती, आणि ते मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.