अठरा जणांची आंघोळ

कुणाला म्हणजे कुणाला माझं खरं वाटलं नाही! ग्रामसेवकाला नाही, मालकीणबाईंना नाही, घरच्या धन्याला तर नाहीच नाही. मी एवढंच म्हणत होते, की अठरा म्हातारी माणसं एका बाईनं सांभाळायची, हे होत नाही. यात न पटण्यासारखं काय आहे, सांगा बरं? धनी म्हणाले, "माझ्या आईला सांबाळलंसच की एकटीनं." अहो, सासू एक होती! तीही अठरांना भारी होती, ते सोडा.

पण शेवटी सगळ्यांना खोटं ठरवायची पाळी आली, आणि मी काय माती खाल्ली ते ऐका.

कासार आंबोलीच्या अलीकडं, पौड रस्त्यापासून आत, एका बंगल्यात वृद्धाश्रम होता. तिकडं हिंजवडीला काचेच्या इमारती वर चढत होत्या, तेव्हाची गोष्ट. मालकीणबाई पुण्यात राहायच्या, रविवारी तोंड दाखवायच्या. बाकी सगळं मी. भाकरी मी, गोळ्या मी, भांडी मी, हगणं-मुतणं मी. माणसं अठरा, हात दोन. म्हणून आंघोळीची पाळी यायची चार दिवसांनी. फक्त ज्याचं माणूस भेटायला येणार, त्याला पाळी नसली तरी आंघोळ, आणि वर पेटीतलं ठेवणीतलं कापड. लेकाला बाप घाणेरडा दिसू नये म्हणून. हा आमच्या आश्रमाचा कायदा. यानंच माझा घात केला.

त्यात सोनाक्का. पडून पडून तिच्या पाठीला रुपयाएवढी जखम झाली, बघता बघता वाटीएवढी झाली. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर म्हातारी हाती लागायची नाही." बदला म्हणे! सोनाक्काला वळवेपर्यंत तिकडं संडासात कुणीतरी पडलेलं असायचं.

मग मी चौथीपर्यंत गिरवलेल्या अक्षरात सरकारला अर्ज लिहिला. 'दहा म्हाताऱ्यांमागं एक बाई, असा सगळीकडं नियम करा. खोटं वाटत असेल तर येऊन डोळ्यांनी बघा.'

आणि काय आश्चर्य, उत्तर आलं! साहेब गुरुवारी येणार होते. त्यांच्या पाहणीवरून नियम ठरणार होता.

मी मनाशी पक्कं केलं. गुरुवारी झाडायचं नाही, पुसायचं नाही, कुणाला पाणी लावायचं नाही. आहे ते दिसू दे!

गुरुवार उजाडला आणि तात्यांनी अंथरुणात घाण केली. आता याला तर धुवावंच लागणार ना?

"इंदे, आज माझी पाळी न्हाई," तात्या म्हणाले.

"पाळी गेली खड्ड्यात. चला न्हाणीत."

आंघोळ घातली. रोजचं धोतर ओलं, म्हणून पेटीतलं काढलं. झाली चूक! तात्यांनी त्या धोतराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि माझा हात धरला.

"माझा बाळू येतोय व्हय गं?"

हा बाळू म्हणजे तात्यांचा लेक, हिंजवडीशेजारच्या माण गावचा. जमीन कंपनीला दिली, उरलेल्या तुकड्यावर आठ खोल्या बांधल्या. आठही भाड्यानं, नोकरीवाल्या पोरांना. बापासाठी नववी काही निघाली नाही. दोन वर्षांत फिरकला नव्हता.

आता 'नाही' म्हणायला तोंड कुणाला होईल? माझ्या तोंडाला सगळा गाव भितो, पण मी म्हणाले, "बगू."

बगू! मेलं ते तोंड तेव्हाच भाजलं असतं तर बरं.

तात्या पांढरंशुभ्र धोतर नेसून ओसरीवर बसले. रखमामावशीनं बघितलं.

"काय वो, कोन येतंय?"

"बाळू. गाडी घिऊन."

"मग माजी लेक बी त्याच गाडीत बसल! तिचं घर वाटंवरच हाय. इंदे, माजं लुगडं काड!"

गुरुजींनी दाढीवरून हात फिरवला. "आमचे चिरंजीव या महिन्यात येतो म्हणाले होते. आजच असणार. इंदूताई, ब्लेड आहे का?"

झालं! पंधरा मिनिटांत न्हाणीपुढं रांग लागली. ज्यांना उठवून बसवायला दोन माणसं लागायची, ती काठ्या टेकत धडाधडा आली.

मी ओरडले, "आरं, कुनी बी येत न्हाई तुमचं! सरकारी सायेब येतोय!"

"लपिवतीया," रखमामावशी म्हणाली. "आपल्याला गंमत दावायची हाय तिला."

बघा! आयुष्यात एकदा खरं ओरडून सांगितलं, तेही कुणाला पटलं नाही.

मग काय, हंड्यावर हंडे तापवले. तात्या धरून सतरा आंघोळी, नऊ दाढ्या, सात वेण्या. सोनाक्काला खाटेवरच पुसून काढलं. एवढी स्वच्छ माणसं बसल्यावर खालची फरशी घाण दिसायला लागली, म्हणून तीही घासली. खोटं कशाला बोलू? दारात माणूस येणार आणि अंगणात कचरा, हे माझ्याच्यानं बघवेना. सडा मीच टाकला. रांगोळी तेवढी रखमामावशीनं काढली.

आणि जीप आली.

साहेब उतरतात न उतरतात तोच तात्यांनी त्यांचा हात धरला. डोळ्यांत मोतीबिंदू. "बाळ्या, लई वाळलास रं."

साहेबांनी हात सोडवून घेतला नाही. "होय बाबा," म्हणाले. मेला स्वभावानं चांगला निघाला, तीच पंचाईत!

"इथं काही त्रास आहे का, बाबा?"

आता लेकापुढं त्रास कोण सांगतं? सांगितला तर पुन्हा येईल का तो?

"छ्या! झ्याक हाय सगळं."

"खोटं बोलत्यात, सायेब!" मी म्हणाले.

"गप गं! आल्या मानसाफुडं कसली भांडतीस?" रखमामावशी खेकसली.

मी साहेबांना ओढत सोनाक्काच्या खाटेशी नेलं. "ही पाठ बगा. मग बोला."

सोनाक्कानं गोधडी गळ्यापर्यंत घट्ट धरली. भाकरीचा तुकडा मोडायची ताकद नव्हती त्या हातांत, पण गोधडी काही सुटेना.

"परक्या बाप्याला पाठ दावू? मेले तरी न्हाई!" मग साहेबांकडं बघून हसली. "मला काय बी झाल्यालं न्हाई बाबा. इंदू लेकीवानी करती माजं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमच्यासारखी माणसं असल्यावर नियम कशाला हवेत?"

"सायेब, मी मरतीया हितं एकटी!"

"हा तुमचा मोठेपणा आहे," म्हणाले आणि वहीत लिहिलं.

जीप गेली. अठरापैकी सतरा जण दिवस मावळेपर्यंत फाटकाकडं तोंड करून बसले. आंघोळींच्या नादात भाकरी थापायची राहिली होती. त्या दिवशी सगळ्यांनी चहात पाव बुडवून खाल्ला. तात्यांनी धोतर बदलू दिलं नाही. म्हणाले, "बाळ्या यील परत."

महिन्याभरानं तालुक्यातल्या सगळ्या आश्रमांना कागद आला. पाहणीत असं आढळलं, की अठरा वृद्धांना एक सेविका पुरेशी आहे. मालकीणबाईंनी तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला. कुठं? सोनाक्काच्या खाटेच्या बरोबर वर!

पुढच्याच आठवड्यात जांबे गावच्या आश्रमातली पार्वती दारात उभी. तिथं दोघीजणी होत्या, हिला काढून टाकलं.

"कुन्या सटवीनं सायबाला दावलं म्हनं, की एकटीनं जमतंय," ती दातओठ खात म्हणाली. "तिचं नाव कळू दे नुसतं. झिंज्या उपटून हातात देते!"

मी सोनाक्काला वळवत होते. "आदी हिकडनं धर जरा," म्हणाले.

दोघींनी धरलं. एकटीला जे करायला पाव तास लागायचा आणि सोनाक्का ओरडायची, ते क्षणात झालं. सोनाक्का हुं की चूं करेना. पार्वतीनं पाठीकडं बघितलं. वाटी नव्हती आता ती, ताटली झाली होती. तिनं पदरानं नाक पुसलं.

"सांग की नाव," म्हणाली. "तुमच्याच हिकडची हाय म्हनं."

मी गोधडी सारखी केली आणि सांगून टाकलं.

"इंदुबाई दगडू शेलार."