समजलं की मी उठतो

बांधकाम संपलं की विटा उरतात. मालक म्हणतो, राहू द्या, कामी येतील. येत नाहीत. कोपऱ्यात पडतात. पुढच्या कामाच्या चार आणखी येऊन पडतात, आणि एक दिवस अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. किस्स्यांचं तसंच आहे. मी किस्से सांगणारा माणूस नाही. पण आमच्या रविवारच्या बैठकीचे इतके साचले, की आता रचून ठेवलेले बरे.

मी गवंडी. राहणार आमगाव. शिक्षण चौथी. चाळीस वर्षं भिंती बांधल्या, एकही पडली नाही. एवढी ओळख पुरे.

* * *

कॉलेजच्या मागची भिंत बांधत होतो. त्या वर्षी कॉलेजनं एक योजना काढली. आदिवासी, बौद्ध, मुसलमान घरांतली मुलं कॉलेजात येतात आणि मधेच नाहीशी होतात. मुली टिकतात, मुलगे गळतात. कोणी हैदराबादला कामाला जातो, कोणी गावी जाऊन बसतो. म्हणून दर तीन मुलांमागे एक मोठा माणूस द्यायचा. त्याला मेंटॉर म्हणायचं. रामटेके मॅडम योजनेच्या प्रमुख. प्राध्यापक लागले, निवृत्त मास्तर लागले, तरी तीन मुलं उरली.

त्याच सुमारास एक पोरगा तास बुडवून माझ्या ओल्या भिंतीवरून उडी मारत होता. मी त्याचा कान धरला आणि वर्गात नेऊन बसवला. मॅडमनी पाहिलं.

"मिस्त्री, तुम्ही होता का मेंटॉर?"

"मी चौथी शिकलो, मॅडम."

"पोराला वर्गात नेऊन बसवायला चौथी पुरते."

मग ट्रेनिंग झालं. नागपूरहून एक साहेब आले होते. म्हणाले, "मेंटॉरनं सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं." मी हात वर केला. म्हटलं, "साहेब, मले पुस्तकातलं काहीच समजत नाही. सल्ला द्यायचा म्हटला तरी येत नाही."

"हेच! याला म्हणतात आदर्श मेंटॉर!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाबद्दल, ते मला अजून माहीत नाही.

* * *

माझ्या वाट्याला आले प्रज्वल, इम्रान आणि सुखराम. प्रज्वल आमच्याच विहाराजवळचा, बी.ए.ला. इम्रानच्या वडिलांचं बाजारात शिलाईचं दुकान, तो बी.कॉम.ला. सुखराम गोंड, कचारगडाच्या अलीकडच्या खेड्यातला, बी.एस्सी.ला. तिघांच्याही घरात त्यांच्याआधी कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं.

मी नियम केला. रविवारी सकाळी नऊला माझ्या अंगणात यायचं. दोन बाजूंना विटा, वर सेंट्रिंगची फळी. त्यावर बसायचं. आठवड्यात जे शिकला, त्यातलं एक मला समजावून सांगायचं. मला समजलं की मी उठतो. मी उठलो नाही, तर तेच पुढच्या रविवारी.

"आबाजी, तुमाले समजलं नाही त्यात आमचा काय दोष?" प्रज्वलनं विचारलं.

"मले समजलं नाही म्हणजे तुले समजलं नाही."

पहिला बळी प्रज्वलच. विषय राज्यसभा. मी विचारलं, एक सभागृह असताना दुसरं कायले? त्यानं सांगितलं. मी बसून. पुढच्या रविवारी परत सांगितलं. मी बसून. तिसऱ्या रविवारी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. तेवढ्यात माझी बायको, म्हणजे आमच्या घरच्या, आतून तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अजी, तुमी बाहेर ठरवता आन् घरात येऊन मले इचारता. मी हो म्हटल्याशिवाय कोणतं काम झालं आतापावत?"

मी उठलो.

* * *

इम्रान मागणी-पुरवठा सांगत होता. त्याची साडेदहाला क्रिकेटची मॅच. दहा वाजले तरी मी बसलेलोच.

"आबाजी, बोल दो ना समजलं! टीम थांबून राहिली!"

"चाळीस वर्षांत वाकड्या भिंतीले सरळ म्हटलं नाही. आन् सरळ भिंतीले वाकडी म्हटलं नाही. जा तू."

गेला. दुपारी तोंड पाडून परत आला. दारातूनच म्हणाला, "आबाजी, लास्ट ओव्हरला मागणी दहा रनची होती. पुरवठा झाला चार!"

मी उठलो.

* * *

सुखरामचं वेगळं होतं. तो बोलायचाच नाही. वर्गात मास्तर विचारायचे, समजलं का? तो मान हलवायचा. मास्तरांना वाटायचं, समजलं. समजलेलं नसायचं. आईशी फोनवर गोंडीत मात्र झऱ्यासारखा बोलायचा.

मी सांगितलं, "मान हलवायची नाही. हो तर हो, नाही तर नाही. तोंडानं. मोठ्यानं."

पुढच्या रविवारी रामटेके मॅडम बैठक पाहायला आल्या. आमच्या घरच्यांनी चहा आणला. मॅडमनी कप पुढे केला, "घे रे सुखराम, चहा घेतोस ना?"

सुखराम फळीवरून उभा राहिला आणि ओरडला, "नाही!"

मॅडमच्या हातातला कप हिंदकळला. शेजारच्या घरातून माणूस डोकावला.

"जमून राहिलं," मी म्हटलं.

त्यानंतर तो बोलू लागला. थोडंच बोलायचा, पण त्याचं ऐकताना मला घड्याळाकडे पाहावंसं वाटत नव्हतं. महिनाभरात मी त्याच्या विषयाला दोनदा पहिल्याच खेपेला उठलो. बाकीच्या दोघांनी त्याबद्दल माझ्याशी भांडण केलं.

* * *

पुढचा किस्सा हसायचा नाही. पण रचायचं म्हटलं की तो मधून काढता येत नाही.

गवंड्याकडे लेव्हल पाईप असतो. लांब, पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरायचं. एक टोक या कोपऱ्यात धरायचं, एक त्या कोपऱ्यात. दोन्हीकडे पाणी जिथं थांबतं, तिथं खूण करायची. दोन्ही खुणा एका उंचीवर येतात. मी जन्मभर ही नळी वापरली. मधे ती जमिनीवर लोळते, भिंतीला वळसा घालते, तरी फसवत नाही. का, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. दसऱ्यानंतरच्या रविवारी मी सुखरामला विचारलं.

"इकडच्या पाण्याले तिकडचं कसं समजते?"

"दोन्हीकडं प्रेशर सेम असते जी."

"काऊन सेम असते?"

 तो म्हणाला, "बुकात तसं आहे."

"बुकात आहे ते बुकाले समजलं. तुले काय समजलं? समजतच नाही तर कायले शिकून राहिला?"

सगळ्यांसमोर म्हणालो. प्रज्वलला आणि इम्रानला मी यापेक्षा कडक बोललो होतो. ते हसायचे. सुखराम हसला नाही. फळीवरून उठला, चप्पल घातली, गेला.

दिवाळीला गावी गेला तो परत आला नाही.

* * *

फळीवर पाण्याच्या टाकीकडची जागा त्याची होती. ती रिकामी राहू लागली. इम्राननं फोन केले. उचलत नव्हता. नंतर फोन लागेनासा झाला.

एका रविवारी प्रज्वल सावलीसाठी टाकीकडे सरकला. मी म्हटलं, "तिथं नाही." तो परत उन्हात आला. नंतर कोणी तिकडे सरकलं नाही.

मॅडम घरी आल्या. हातात परीक्षेचा फॉर्म. म्हणाल्या, "यावर त्याची सही लागते. मुदत गेली की वर्ष गेलं. आणि मिस्त्री, वर्ष गेलेली मुलं परत येत नाहीत. मी पाहते आहे."

फॉर्म मी टाकीकडच्या जागेवर ठेवला. उडू नये म्हणून वर अर्धी वीट. आमच्या घरच्या एकदाच म्हणाल्या, "वीट ठेवून पोरगा येते का?"

 बुधवारी मी सालेकशाची गाडी पकडली.

* * *

हत्यारांची पिशवी बरोबर घेतली होती. का, सांगता येत नाही. पिशवीशिवाय मला चालता येत नाही.

सालेकशाहून जीप, पुढे पायी. धान कापून झालं होतं. सुखराम अंगणात होता. मला पाहून उभा राहिला. मीही उभा. काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं. चांगलं ठरवलं होतं. पण समोर त्याच्या घरचा गुरांचा कोठा होता आणि त्याची एक भिंत पार कललेली.

"ही भिंत कोणी बांधली?" मी विचारलं.

"बाबानं."

"पडंल."

मी पिशवी उघडली. त्यानं माती कालवली. दिवसभर भिंत उतरवली आणि चढवली. लेव्हल घ्यायच्या वेळी भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तो. मधे नळी. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं.

"आलं का पाणी?"

"आलं जी."

"थांबलं?"

"थांबलं."

दिवसभरात एवढंच बोलणं झालं. त्याच्या आईनं भात वाढला. ती मराठी थोडीच बोलायची, मी गोंडी मुळीच नाही. तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि मला आणखी भात वाढला. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "भेटला का? काय बोलणं झालं?"

"ओळंबा बरोबर बसला," मी म्हटलं.

"आणि फॉर्मचं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की फॉर्म घरी विटेखालीच राहिला, आणि कॉलेज हा शब्द मी तोंडातून काढलाच नाही.

इम्रान दोन दिवस हसला. मग त्यानं पिशवी उचलून पाहिली. "आबाजी, यात तुमची नळी नाही!"

नळी सुखरामच्या कोठ्याजवळ राहिली होती. चाळीस वर्षांत मी हत्यार कुठे विसरलो नव्हतो.

"कायले इसरले हो?" आमच्या घरच्यांनी विचारलं.

"वय झालं," मी म्हटलं.

 माझं वय झालं हे मी कबूल केलं, तेही लग्नानंतर पहिल्यांदाच.

* * *

फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती. आदल्या दिवशी, रविवारी नऊला, प्रज्वल आणि इम्रान फळीवर बसले. मी माझ्या खुर्चीवर. टाकीकडे फॉर्म आणि वीट.

फाटक वाजलं. सुखराम होता. खांद्यावर नळीचं वेटोळं.

"नळी राहिली होती तुमची, आबाजी. द्यायले आलो. दुपारच्या गाडीनं जातो."

"ठेव तिथं."

तो फळीकडे आला. फॉर्म दिसला त्याला. वरची वीटही दिसली. त्यानं नळी ठेवली नाही. टाकीतून तिच्यात पाणी भरलं. एक टोक इम्रानच्या हातात दिलं, एक प्रज्वलच्या. मधली नळी जमिनीवर लोळत होती.

"इम्रान, तू उंच कर."

इम्राननं टोक उंच केलं. प्रज्वलच्या टोकात पाणी वर चढू लागलं.

"पाहा आबाजी," सुखराम म्हणाला. मोठ्यानं, तोंडानं. "इकडं पाणी उंच झालं म्हणजे इकडं वजन जास्त. ते खालच्या पाण्याले ढकलते. ते त्याच्या पुढच्याले. असं ढकलत ढकलत तिकडचं वर चढते. चढलं की तिकडचं वजन वाढते, इकडचं कमी होते. दोघांचं ढकलणं बरोबर झालं की कोणी हलत नाही. इकडच्या पाण्याले तिकडचं काही माहीत नसते जी. त्याले फक्त बाजूच्याले ढकलणं माहीत असते."

 आमच्या घरच्या दारात येऊन उभ्या होत्या. नळीतलं पाणी दोन्हीकडे एका उंचीवर येऊन थांबलं.

मी उठलो.

"उठले!" इम्रान ओरडला. "आबाजी उठले! समजलं!"

सुखरामनं नळी गुंडाळायला घेतली. गाडीला वेळ होता, पण तो घाई करत होता.

मी परत खाली बसलो.

"नाही समजलं," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी ये."